लग्न न करता एकत्र राहताना: कोणता कागद कामाला येतो?

दुपारची कामं आटोपून कुणी शिलाई मशीनपाशी, कुणी भाजी निवडत ऐकत असाल. आजचा विषय घरात मोठ्या आवाजात कुणी काढत नाही. पण आपल्या केंद्राच्या फोनवर तो हल्ली वारंवार येतो. फोन करणारी आधी विचारते, "माझं नाव रेडिओवर सांगणार नाही ना?" मग हळूच म्हणते, "आम्ही दोघं लग्न न करता एकत्र राहतो. लोक म्हणतात, स्टॅम्प पेपरवर करार करून घ्या. करू का?"

'लिव्ह-इन' म्हटलं की पुण्या-मुंबईत नोकरी करणारी तरुण जोडपी डोळ्यांसमोर येतात. ती आहेतच. पण पालघर-जव्हारकडच्या पाड्यांवर लग्नाच्या जेवणावळीचा खर्च झेपत नाही म्हणून वर्षानुवर्षं तसाच संसार करणारी जोडपी आहेत. पुढे सामुदायिक विवाहात आपल्याच मुलांना कडेवर घेऊन ती बोहल्यावर चढतात. पुण्यात, नागपुरात साठी ओलांडलेल्यांच्या सहजीवनासाठी मंडळं निघाली आहेत. मुलांना इस्टेटीची धास्ती नको, म्हणून ही मंडळी लग्नाऐवजी नुसती सोबत पसंत करतात. थोडक्यात, हा प्रश्न एका वयाचा किंवा एका शहराचा नाही.

एका ताईंची हकिकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. नावगाव सांगणार नाही. ताई पन्नाशीच्या. नवरा लवकर गेला. पोळी-भाजी करून देऊन त्यांनी दोन मुलींची लग्नं केली. पुढे टेम्पो चालवणाऱ्या एका गृहस्थांबरोबर त्या अकरा वर्षं राहिल्या. त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मुलींच्या सासरी बोलणी बसतील म्हणून दोघांनी लग्नाचं नाव काढलं नाही. मात्र गल्लीत सगळे त्यांना नवरा-बायकोच समजत. कर्ज काढून एक छोटा फ्लॅट घेतला, तो गृहस्थांच्या एकट्याच्या नावावर. हप्त्याचे निम्मे पैसे ताई दर महिन्याला त्यांच्या हातात रोख देत. आणि एक कागद केला. स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारून. त्यात लिहिलं होतं, की आम्ही दोघे लग्न न करता, परंतु पती-पत्नीप्रमाणे, स्वखुशीने एकत्र राहत आहोत आणि एकमेकांना अंतर देणार नाही.

एका पहाटे त्या गृहस्थांना हृदयविकाराचा झटका आला. तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी त्यांचे भाऊ म्हणाले, "वहिनी, आता घर मोकळं करा." ताईंनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद काढून पुढे ठेवला. भावाने वाचला आणि म्हणाला, "यात तर तुम्हीच लिहून दिलंय, लग्न झालेलं नाही."

मैत्रिणींनो, त्या कागदाने ताईंना काय दिलं आणि काय घालवलं, हे समजून घेतलं की आजचा विषय समजला.

आधी पहिली भीती काढून टाकू. दोन सज्ञान माणसांनी लग्न न करता एकत्र राहणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अभिनेत्री खुशबू यांच्या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं. समाजाला आवडो न आवडो, तो गुन्हा ठरत नाही. त्यामुळे "पोलिसांत देईन" असं कुणी नुसत्या एकत्र राहण्यावरून धमकावत असेल, तर त्या धमकीला कायद्याचा आधार नाही.

दुसरी गोष्ट. लग्न नसलं तरी कायदा बाईला अगदी वाऱ्यावर सोडत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आपण या कार्यक्रमात आधीही ऐकला आहे. त्यात पत्नीबरोबरच 'विवाहसदृश' नात्यात, म्हणजे लग्नासारख्या नात्यात राहणारी स्त्रीसुद्धा येते. मारहाण, शिवीगाळ, पैशांची कोंडी, घराबाहेर काढणं, या सगळ्यावर तिला दाद मागता येते. संरक्षणाचा आदेश, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई, हे सारं त्याच कायद्यात आहे.

पण 'लग्नासारखं' म्हणजे काय? २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात न्यायालयाने चार खुणा सांगितल्या. दोघं समाजात नवरा-बायकोसारखे वावरत असावेत. दोघांचं वय लग्नाचं असावं. दोघंही लग्नाला मोकळे असावेत, म्हणजे अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित. आणि दोघं स्वखुशीने, बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले असावेत. शनिवार-रविवारची भेट यात बसत नाही.

यातली तिसरी खूण नीट ऐका. २०१३ मध्ये इंद्रा सरमा यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. बंगळूरच्या या बाई एका विवाहित गृहस्थाबरोबर बरीच वर्षं राहिल्या होत्या. त्याचं लग्न झालेलं आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. न्यायालयाला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटली, पण संरक्षण मिळालं नाही. समोरच्याचं लग्न झालेलं आहे, घटस्फोट झालेला नाही, आणि हे आपल्याला ठाऊक आहे, अशा वेळी कितीही जाड करार केला तरी तो आपलं पाऊल सावरत नाही. "घटस्फोटाची केस चालू आहे" म्हणजे घटस्फोट झाला, असं नव्हे. कोर्टाचा हुकूमनामा डोळ्यांनी पाहावा.

आपल्या शेजारी, गुजरातेत, ही गोष्ट बायकांनी फार पूर्वी अनुभवली आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथे 'मैत्री करार' नावाची चाल निघाली. पहिली बायको घरात असताना पुरुष दुसऱ्या स्त्रीशी स्टॅम्प पेपरवर मैत्रीचा करार करी. दुसरं लग्न कायद्याने करता येत नाही, म्हणून ही पळवाट. कागद सरकारी दिसे, त्यामुळे त्या स्त्रीला वाटे आपल्याला काहीतरी दर्जा मिळाला. प्रत्यक्षात ती पत्नी ठरत नसे, आणि पहिलीचाही संसार मोडे. महिला संघटनांनी त्याला विरोध केला तो याचसाठी.

आता कराराकडे वळू. भारतात करारांचा कायदा आहे १८७२ चा. त्याचं २३ वं कलम सांगतं, की बेकायदा, अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध हेतूचा करार रद्दबातल असतो. म्हणून 'तू माझ्याबरोबर राहा, मी तुला महिन्याला इतके देईन' अशा धर्तीचं काही लिहिलं, तर ते कोर्टात उभं राहणं कठीण. त्याच कायद्याचं २८ वं कलम सांगतं, की आपला हक्क मागायला कोर्टात जाण्याची वाट करार करून पूर्ण बंद करता येत नाही.

तरी असे कागद केले जातात. २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयात एका जामीन अर्जाबरोबर सात कलमांचा 'लिव्ह-इन करार' पुढे आला. वर्तमानपत्रांत त्याच्या अटी छापून आल्या. एकमेकांवर लैंगिक छळाची तक्रार करायची नाही. दिवस गेले तर पुरुष जबाबदार नाही. बाईच्या नातेवाइकांनी घरी यायचं नाही. तक्रारदार बाईचं म्हणणं होतं, की सही माझी नाहीच. आरोपीला अटकपूर्व जामीन मिळाला. जामीन म्हणजे निकाल नव्हे, हे आपण जाणतो. पण या कागदाकडे पाहून एक गोष्ट शिकावी: कुणी करार पुढे केला, तर आधी विचारा, यात माझ्याकडून काय सोडवून घेतलं जातंय?

तेव्हा तीन गोष्टींवर कधीही सही करू नका. 'मी कधीच तक्रार करणार नाही.' 'मी पोटगी, घर, काहीच मागणार नाही.' 'मूल झालं तर ती माझी एकटीची जबाबदारी.' यांतली तिसरी तर अगदीच पोकळ, कारण पोटगी हा मुलाचा हक्क आहे आणि आईला तो परस्पर सोडून देता येत नाही.

मग करार करूच नये का? करावा, पण त्याला लग्नाचं सोंग देऊ नये. घरखर्चाची वही समजून करावा. भाडं कोण किती देणार. डिपॉझिट कुणी भरलं आणि घर सोडताना कुणाला किती परत मिळणार. फ्रीज, वॉशिंग मशीन, दुचाकी, दागिने यांत कुणाचं काय आहे, याची यादी. कुणी कुणाला किती पैसे उसने दिले आणि ते कधी परत करायचे. वेगळं व्हायचं ठरलं तर किती दिवस आधी सांगायचं, आणि तोवर घरात कोण राहणार. इतकंच साध्या भाषेत लिहा. बायकोचं कर्तव्य, नवऱ्याचा अधिकार, असली भाषा नको. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख, प्रत्येक पानावर सही आणि दोघांकडे एकेक प्रत. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा साध्या करारांना १०० रुपयांचा नव्हे, ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. नोटरीचा शिक्का मारून घेतलात तर चांगलंच. पण सही कुणी केली याची ती साक्ष आहे, मजकूर कायदेशीर आहे याची नव्हे.

मात्र हा करार सगळं सांभाळेल असं समजू नका. खरं संरक्षण वेगवेगळ्या कागदांत आहे, ज्याचं त्याचं काम ज्यानं त्यानं करायचं. ते आता एकेक पाहू.

पहिला कागद भाड्याच्या घराचा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला असणं बंधनकारक आहे. त्यात भाडेकरू म्हणून दोघांचीही नावं घाला. फक्त त्याचं नाव असेल, तर भांडण झाल्यावर मालक तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. दोघांची नावं असली की एक उपयोग आणखी होतो: एकाच पत्त्यावर, एकाच काळात राहिल्याचा हा सरकारदरबारी नोंदलेला पुरावा ठरतो.

दुसरा कागद विकत घेतलेल्या घराचा. इथे बायका सर्वांत जास्त फसतात. पैसे दोघांचे, नाव एकाचं. नवरा-बायकोच्या बाबतीत कायदा यात थोडी सवलत देतो: जोडीदाराच्या नावावर स्वतःच्या उघड कमाईतून घर घेतलं, तर ते बेनामी धरत नाहीत. लग्नाविना राहणाऱ्यांना ही सवलत नाही. त्यामुळे 'नाव त्याचं असलं तरी घर खरं माझं' असं कोर्टात म्हणायला गेलात, तर बेनामी व्यवहाराचा कायदा आडवा येऊ शकतो. म्हणून खरेदीखतातच दोघांची नावं घाला आणि कुणाचा किती हिस्सा हे आकड्यात लिहा, निम्मा-निम्मा किंवा साठ-चाळीस. हप्त्याचे पैसे हातात देऊ नका. बँकेतून किंवा फोनवरून पाठवा, म्हणजे खूण राहते. नाव लावणं जमत नसेल, तर दिलेले पैसे कर्ज म्हणून लिहून घ्या. उसन्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

कुणी म्हणेल, नंतर बक्षीसपत्र करून देईन. जरूर, पण हिशोब माहीत असावा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोला किंवा आईबापांनी मुलांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. लग्न नसलेल्या जोडीदाराला ती सवलत नाही. त्याला पूर्ण दराने शुल्क भरावं लागतं. आणि घरजमिनीचं बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय पुरं होत नाही.

तिसरा कागद मृत्युपत्र. आमच्या मते हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा कागद. हिंदू वारसा कायद्यात लग्न नसलेला जोडीदार वारस नाही. मृत्युपत्र नसेल, तर सगळं आई, मुलं, भावंडं यांच्याकडे नात्याच्या क्रमाने जातं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहिलं, करणाऱ्याने सही केली आणि दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, की झालं. तरी नोंदणी करावी. भाऊबंद पुढे शंका काढतात तेव्हा तिचा उपयोग होतो. ज्याला मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. वय झालं असेल तर माणूस शुद्धीत आहे असा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ध्यानात ठेवा, मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत ते कधीही बदलू शकतो. मुस्लिम भगिनींच्या बाबतीत वारसांच्या संमतीविना साधारण एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येतं. गोव्यात मुलं किंवा आईवडील असतील तर निम्म्या मिळकतीवर त्यांचा सक्तीचा हक्क असतो; उरलेल्या निम्म्याचीच वाटणी आपल्या मर्जीने करता येते.

चौथा कागद नॉमिनीचा. बँकेत नॉमिनी म्हणून कुणाचंही नाव देता येतं, नातं असायलाच हवं असं नाही. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, ते कायदेशीर वारसांपर्यंत पोचवण्यासाठी. विम्यात आईवडील, पती-पत्नी, मुलं यांना नॉमिनी केलं तर पैसे त्यांचेच होतात. लग्न नसलेल्या जोडीदाराला ती सोय नाही. प्रॉव्हिडंट फंडात तर कुटुंब असलेल्या माणसाला कुटुंबाबाहेरचा नॉमिनी करताच येत नाही. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र या दोन्ही ठिकाणी एकच नाव हवं. नॉमिनी नुसता असेल, मृत्युपत्र नसेल, तर हाती आलेले पैसे परत द्यायची वेळ येऊ शकते. घरखर्चासाठी संयुक्त खातं ठेवलंत, तर फॉर्मवर 'दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो' हा पर्याय निवडा, म्हणजे एक गेल्यावर दुसऱ्याचे व्यवहार अडत नाहीत.

इथे मुखत्यारपत्राबद्दल एक सूचना. "मी तिला मुखत्यार करून ठेवलंय," असं पुष्कळजण सांगतात. माणूस हयात असेपर्यंतच त्याचा उपयोग. तो गेला की त्याच दिवशी मुखत्यारपत्रही संपलं.

पाचवा कागद मुलाचा. मूल झालं तर जन्मनोंद करतानाच आईबाप दोघांची नावं लावून घ्या. बाप नाव द्यायला तयार नसेल तरी मुलाचं अडत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अविवाहित आईला बापाचं नाव न सांगताही मुलाचं पालकत्व मागता येतं. महाराष्ट्रात तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही बापाकडून पोटगी मागता येते, त्याला कुठल्याही कराराची गरज नाही. वारशाचं मात्र सिद्ध करावं लागतं. २०२२ मध्ये केरळच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की स्त्री-पुरुष दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले तर लग्न झाल्याचं गृहीत धरलं जातं, आणि त्यांच्या मुलाला घराण्याच्या मिळकतीत वाटा मिळाला. पण त्या कुटुंबाला त्यासाठी अनेक वर्षं कोर्टात काढावी लागली. मृत्युपत्रात मुलाचं नाव घातलं, तर ही वेळ टळते.

आता ताईंकडे परत येऊ. 'दीर्घकाळ एकत्र राहिलं की लग्न गृहीत धरतात' हे ऐकून तुमच्यातल्या कुणालातरी वाटलं असेल, की मग ताईंनाही बायको म्हणून हिस्सा मिळायला हवा. अकरा वर्षं एका छताखाली, गल्ली साक्षीला. वाटणं बरोबर आहे. पण हे गृहीत धरणं उलट पुराव्याने मोडतं. आणि उलट पुरावा ताईंच्याच सहीचा होता: 'लग्न न करता'. तीन शब्दांनी त्यांच्या वारसा हक्काची वाट अरुंद करून टाकली.

त्याच वाक्यात पुढे लिहिलं होतं, 'पती-पत्नीप्रमाणे, स्वखुशीने'. दोघंही लग्नाला मोकळे होते. या शब्दांनी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं दार उघडलं. तालुका विधी सेवा समितीच्या वकीलबाईंनी हाच कागद पुरावा म्हणून जोडला. त्याबरोबर गॅसचं पुस्तक, दवाखान्याच्या कागदावर 'नातेवाईक' म्हणून ताईंची सही, गल्लीतल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. या कायद्यात पुरुषाच्या नातेवाइकांविरुद्धही दाद मागता येते. अंतरिम आदेश मिळाला आणि ताईंचं छप्पर सध्या टिकलं आहे. घराच्या मालकीचं भांडण चालू आहे. हातात दिलेल्या हप्त्यांचा एकही पुरावा नाही. एकाच कागदाने एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने नेलं. त्या गृहस्थांनी दोन साक्षीदारांसमोर चार ओळींचं मृत्युपत्र केलं असतं, तर ताईंना हे काही करावंच लागलं नसतं.

आणखी दोन-तीन खुलासे. पळून जाऊन नोटरीपुढे हार घालून काढलेल्या कागदाला मुली 'कोर्ट मॅरेज' म्हणतात. ते लग्न नव्हे. नोटरीला लग्न लावण्याचा अधिकार नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालचं लग्न विवाह अधिकाऱ्याकडे होतं. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. गोव्यातल्या मैत्रिणींनी सिव्हिल रजिस्ट्रारकडची दुसरी सही झाली आहे ना, हे पाहावं. पहिल्या सहीनंतर देवळात लग्न लागतं आणि दुसरी सही राहून जाते, असं घडतं. मग इतकी वर्षं आपलं लग्न कायद्याने झालेलंच नव्हतं, हे नेमकं अडचणीच्या वेळी कळतं.

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी कायद्यात लिव्ह-इन नात्याची नोंदणी सक्तीची केली आहे. महाराष्ट्रात अशी नोंदणी नाही. 'लिव्ह-इन रजिस्टर करून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. बायकोची पोटगी मागण्याचं जे जुनं १२५ कलम होतं, ते आता नव्या संहितेत १४४ झालं. त्यातही शब्द 'पत्नी' असाच आहे. २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्यात आणण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली होती. ती कायद्यात उतरली नाही.

दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष जोडीने राहतात, त्यांचेही फोन येतात. ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर त्यांना लग्नाचा मार्ग आज तरी नाही. म्हणून वर सांगितलेले भाडेकरार, खरेदीखत, मृत्युपत्र त्यांना जास्तच गरजेचे. संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

अडचण आलीच तर काय करायचं? मारहाण होत असेल तर ११२. महिलांसाठी मदतीचा क्रमांक १८१. विधी सेवेसाठी १५१००. बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे विचारा. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज भरून द्यायला संरक्षण अधिकारी असतात. आणि घरातून निघायची वेळ आली, तर कपड्यांच्या आधी कागदांची पिशवी उचला.

ताईंनी परवा केंद्रावर येऊन आम्हाला पोळ्या खाऊ घातल्या. म्हणाल्या, "बायांना एवढंच सांगा, की कागद केला म्हणून निर्धास्त होऊ नका. काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या." आम्ही त्यात एकच भर घालतो. आज रात्री जेवणं झाली की दोघांनी बसून विचारा: घर कुणाच्या नावावर आहे, खात्यावर नॉमिनी कोण आहे, मृत्युपत्र केलंय का? विचारायला संकोच वाटेल. पण ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं, त्याला इतकं विचारता आलं पाहिजे. आणि विचारल्यावर तो रागावला, तर तेही आजच कळलेलं बरं.